आज कोणीच भांडत नाही

स्त्रातोसने पावाची टोपली टेबलावर ठेवली आणि काही न बोलता तो निघून गेला, तेव्हाच अरगिरिसच्या मनात पाल चुकचुकली. टोपली नुसती ठेवली, आपटली नाही. दर रविवारी दुपारी अरगिरिस आणि एवान्थिया, दोघं नवरा-बायको, रस्त्यावरून खाली येणाऱ्या पायऱ्या उतरून या तळघरातल्या तावेर्नात, म्हणजे दारू मिळणाऱ्या खाणावळीत, शिरत, दारूच्या पिंपांखालच्या आपल्या ठरलेल्या टेबलाशी बसत, आणि मग स्त्रातोस येऊन टोपली आपटून म्हणे, "आला पाव संपवणारा. एवान्थिया, घरी याला काही घालतेस की नाही?" त्यावर अरगिरिस म्हणे की पाव कालचा आहे. स्त्रातोस म्हणे, कालचा नाही, परवाचा आहे, खास तुझ्यासाठी जपून ठेवलाय. मग अरगिरिस म्हणे की पुढच्या रविवारपासून आम्ही कोपऱ्यावरच्या नव्या ठिकाणी जाणार, आणि स्त्रातोस म्हणे, जा की, तिथे टेबलावर फुलं ठेवतात, तीच खा. एवढं झाल्याशिवाय जेवण सुरूच होत नसे. स्त्रातोस परका नव्हता. अरगिरिसच्या लग्नात याच माणसाने नवरा-नवरीच्या डोक्यावरचे फुलांचे मुकुट आळीपाळीने बदलले होते, त्यामुळे तो त्याचा कुंबारोस, म्हणजे भावापेक्षा थोडा जवळचा आणि भावापेक्षा पुष्कळ भांडखोर. आज मात्र त्याने टोपली हलकेच ठेवली, पावाची मऊ बाजू अरगिरिसकडे येईल अशी फिरवली, आणि तो गेला.

काम असेल, अरगिरिसने स्वतःला समजावलं. ईस्टरपूर्वीचे उपास सुरू होण्याआधीचा मांसाचा शेवटचा रविवार होता, सगळी कोक्किन्या वस्ती जेवायला बाहेर पडली होती, भिंतीवरच्या टीव्हीवर फुटबॉल चालू होता आणि सिगरेटच्या धुरात माणसांचे चेहरे अर्धेच दिसत होते. तो नेहमीसारखा खुर्ची मागे सारून उठला. या तावेर्नात काय काय आहे हे कोणी वाचून दाखवत नसे आणि कोणी विचारतही नसे. ज्याला जे हवं त्याने आत जावं, पातेल्यांची झाकणं उचलावीत, वास घ्यावा आणि स्त्रातोसच्या बायकोला, देस्पिनाला, बोटाने दाखवावं. अरगिरिसला जेवणापेक्षा हे झाकणं उचलणंच जास्त आवडायचं. परत आल्यावर एवान्थिया विचारायची, "काय काय पाहिलंस?" आणि तो एखाद्या दूरच्या गावाहून आल्यासारखा सगळं रंगवून सांगायचा. तो उठला खरा, पण दोन पावलं टाकायच्या आत स्त्रातोसचा हात त्याच्या खांद्यावर पडला. हात जड होता, गरम होता आणि तो नको तितका वेळ तिथेच राहिला. "तू बस," स्त्रातोस म्हणाला, "तू कशाला उठतोस, मी आणतो तुला." त्यात टोमणा नव्हता. अरगिरिस बसला. समोर एवान्थिया टेबलावर अंथरलेला कागद हाताने सपाट करत होती. तो आधीच सपाट होता.

त्याने पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला. घास फिरवला, पुन्हा फिरवला, पण तो खाली उतरेना. छातीत तीच ओळखीची खाज उठली, जिला तो सगळा हिवाळा भीत आला होता, आणि त्याने रुमाल तोंडाशी धरून खोकला दाबला. रुमाल पाहायचा नाही असं त्याने ठरवलेलं होतं. उभं आयुष्य पेरामाच्या गोदीत जहाजांच्या पोटात वाकून वेल्डिंग करण्यात गेलं होतं, छातीत तिथला धूर साठला असणार हे काय कोणी वेगळं सांगायला हवं होतं? त्याच्याबरोबरचे किती तरी जण असेच खोकत खोकत गेले. महिन्याभरापूर्वी एवान्थियाने त्याला धरून सरकारी इस्पितळात नेलं. छातीचे फोटो काढले. तरुण डॉक्टरने ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, "छाती ठीक आहे काका, सिगरेट कमी करा." एवढं सांगून त्याला बाहेर बाकावर बसवलं. आणि मग एवान्थिया म्हणाली की आता आलोच आहोत तर माझंही पोट दाखवते, जेवल्यावर जळजळतं जरा. आणि ती आत गेली, आणि दार लागलं. ती खूप वेळ आत होती. समोरच्या भिंतीवरचा रंग ओलीने फुगला होता, त्या फुगवट्याकडे बघत बसल्याबसल्या अरगिरिसला सगळं कळलं होतं. जळजळ हे निमित्त. छाती ठीक असलेल्या माणसाला बाहेर बसवून त्याच्या बायकोला कोणी इतका वेळ आत ठेवतं का?

कारण इकडे आजाऱ्याला आजार कधी सांगत नाहीत. ही पद्धत अरगिरिसला पाठ होती. त्याने ती स्वतः पाळली होती. त्याचे वडील योर्दानिस, समुद्रापलीकडून लहानपणी बोटीतून इथे आलेले, बंदरावर ओझी वाहून वाहून पाठीचं धनुष्य झालेलं, त्यांच्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरने अरगिरिसला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात काय ते सांगितलं होतं आणि दार उघडून वडिलांना मोठ्या आवाजात सांगितलं होतं की अल्सर आहे, दूध प्या. वडील म्हणाले, "बरं." तेव्हापासून घरातली सगळी माणसं साखरेत घोळल्यासारखी बोलायला लागली. थोरली बहीण, जिने वडिलांशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता, ती येऊन त्यांचे पाय चेपत बसली. आणि अशाच एका रविवारी अरगिरिस त्यांना या तावेर्नात घेऊन आला होता, याच पिंपांखाली; तेव्हा स्त्रातोसचे वडील ही जागा चालवत होते. अरगिरिस आदल्या दिवशी येऊन त्यांच्या कानावर घालून गेला होता. मग काय, सगळ्यांनी वडिलांना डोक्यावर घेतलं. पिंपातली उत्तम दारू आली. रोज बाजाच्या पेटीच्या आवाजावरून त्यांच्याशी हुज्जत घालणारा शेजारी म्हणाला, बरोबर आहे योर्दानिस, तुझंच बरोबर आहे. वडील इकडून तिकडे सगळ्यांकडे बघत राहिले आणि मग हसून म्हणाले, "आज माझ्याशी कोणीच भांडत नाही. का रे?" सगळे मोठमोठ्याने हसले. अरगिरिसही हसला. वडिलांनी पुढे काही विचारलं नाही. ते पावाचे लहान लहान तुकडे करत राहिले आणि ताटाच्या कडेने ओळीने लावत राहिले, एकही न खाता. उन्हाळा लागायच्या आत ते गेले, आणि शेवटपर्यंत आपल्याला कळलंय असं त्यांनी कोणालाही कळू दिलं नाही. मुलाने इतक्या कष्टाने लपवलेलं उघडं पडू नये म्हणून, असं अरगिरिसला नंतर वाटायचं. पण तेव्हा, त्या टेबलाशी, वडिलांच्या मनात काय आलं असेल, हा विचार त्याने कधी केला नव्हता. तो विचार आता त्याच्या मानगुटीवर येऊन बसला होता.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या ताटाच्या कडेने पावाचे तुकडे लागले होते. कधी लावले ते त्याला आठवेना. त्याने घाईघाईने ते मुठीत गोळा केले आणि एवान्थियाने पाहिलं का ते बघितलं. ती पाहत होती, पण त्याच्याकडे नव्हे, स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे देस्पिना उभी होती. ही बाई दुपारच्या गर्दीत चुलीपासून हलत नसे. भूकंप झाला तरी आधी खालचा जाळ कमी करेल मग पळेल, असं स्त्रातोसच म्हणायचा. ती हात पुसत पुसत टेबलांमधून वाट काढत आली, अरगिरिसच्या पाठीशी उभी राहिली, आणि तिने त्याच्या विरळ केसांवरून एकदा हात फिरवला. हाताला कांद्याचा आणि दालचिनीचा वास होता. "खा हं नीट," ती म्हणाली. एवान्थियाला काहीच म्हणाली नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि या दोघी एरवी भेटल्या की शेजारच्या टेबलावरच्या माणसांना आपापसांत बोलायची सोय राहत नसे. देस्पिना वळून आत गेली.  

आता एकेक गोष्ट आपसूक जाग्यावर बसायला लागली. बुधवारी पोपीचा फोन आला होता. पोपी त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन मेलबर्नला गेलेली. ती नेहमी रविवारी रात्री फोन करायची, आईशी तासभर आणि बापाशी दोन वाक्यं. बुधवारी तिने आधी त्यालाच बोलावलं. "बाबा, तू नीट जेवतोस ना?" तिने विचारलं आणि मग बराच वेळ नुसता समुद्रासारखा आवाज येत राहिला. ईस्टरला येतेय म्हणाली. कितीतरी वर्षं येते येते म्हणणारी मुलगी अचानक तिकीट काढते ती काय कोकराचं मटण खायला? आणि तो कोट. गेल्या आठवड्यात एवान्थिया त्याला शिंप्याकडे घेऊन गेली होती, काळ्या कापडाचा अख्खा सूट शिवायला. तुझ्याकडे एकही धड काळा कपडा नाही, ती म्हणाली, पोपी येतेय, ईस्टर आहे, लोकांत उभं राहायचं म्हणजे बरं दिसायला नको का. शिंपी गुडघ्यांवर बसून माप घेत असताना ती मागे उभी राहून सांगत होती, खांद्यात ओढू नको, तो असा नसतो, त्याचा डावा खांदा जरा खाली आहे. बरोबर नवे बूटही घेतले. तेव्हा अरगिरिसला बरं वाटलं होतं. मरणाऱ्या माणसाला कोण बूट घेतं, असं तो मनाशी म्हणाला होता. आज त्याच्या लक्षात आलं की मरणाऱ्यालाच घेतात. वडिलांना त्यानेच घेतले होते. शवपेटीत झोपलेल्या माणसाच्या पायांकडे लोकांचं सगळ्यात आधी लक्ष जातं आणि बुटांचे तळ स्वच्छ असावे लागतात. त्या नव्या बुटांचे तळ अजून कपाटात कोरे करकरीत होते. एवान्थिया रोज कपाट उघडायची, कोटाचे खांदे झटकायची आणि बंद करायची.

त्याला पळून जावंसं वाटलं. कुठे, ते कळत नव्हतं, पण या उबदार तळघरातून, जिथे आजवर त्याला जगात सगळ्यात सुरक्षित वाटत आलं होतं, त्यातून वर उजेडात. माणसं आपल्याकडे बघून मान खाली घालतायत असं वाटत होतं. पलीकडच्या टेबलावरचा न्हावी त्याला पाहून हसला आणि त्याने पेला उंचावला, का उंचावला? टीव्हीवर कोणीतरी गोल केला आणि सगळे ओरडले, आणि त्या ओरडण्यात अरगिरिसला एकदम असं दिसलं की पुढच्या वर्षी याच रविवारी असाच धूर असेल, असेच लोक ओरडतील, पिंपांखालच्या टेबलावर दुसरं कोणीतरी पाव तोडत बसेल. देवाला काही मागायची त्याला सवय नव्हती. आता त्याने टेबलाखाली अंगठा बोटांत दाबून मागितलं: एक वर्ष. मग वाटलं, इतकं मागितलं तर तो अजिबात देणार नाही, आणि त्याने बदलून उन्हाळा मागितला. तेवढ्यात स्त्रातोस ससा घेऊन आला, छोट्या अख्ख्या कांद्यांत शिजवलेला, जसा त्याला आवडतो तसा, आणि अरगिरिसने पाहिलं की मांस हाडांवरून सोडवून ठेवलेलं आहे. लहान मुलाला द्यावं तसं. एवान्थियापुढे त्याने थोडीशी रानभाजी आणि लिंबू ठेवलं. ती म्हणाली की सकाळी उशिरा खाल्लंय.

खरं-खोटं करायचा एकच मार्ग होता. अरगिरिसने तांब्याच्या मापातली पिवळी दारू पेल्यात ओतली, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवून म्हणाला, "आंबलीय."  स्त्रातोस द्राक्षं स्वतः निवडून आणायचा, स्वतः पिंपं भरायचा; एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याने चारचौघांत हाच शब्द काढला, तर स्त्रातोसने त्याची टोपी त्याच्या हातात देऊन त्याला पायऱ्या दाखवल्या होत्या. अरगिरिस वाट बघत राहिला. ओरड, तो मनातल्या मनात म्हणाला, माझ्या सात पिढ्या काढ, आंबलेली तुझी जीभ आहे म्हण. स्त्रातोसने माप उचललं. त्याच्या मानेवरची शीर एकदा ताठ झाली आणि खाली बसली.

"बदलून देतो," तो म्हणाला.

अरगिरिसने त्याचं मनगट धरलं. दारू थोडी कागदावर सांडली आणि पसरत गेली. "आज माझ्याशी कोणीच भांडत नाही," तो म्हणाला. आपण कोणाचे शब्द बोलतो आहोत ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. "का रे, कुंबारे?"

स्त्रातोसने आधी एवान्थियाकडे पाहिलं. तीच चूक झाली. एवान्थियाने डोळे चुकवून कागदावरच्या ओल्या डागाभोवती बोट फिरवायला सुरुवात केली. "आज गर्दी आहे रे," स्त्रातोस म्हणाला, "भांडायला सवड कुठे आहे." आणि तो हसला, अगदी तसाच, जसे वडिलांच्या वेळी सगळे हसले होते.

त्यानंतर अरगिरिसला तिथे बसणं शक्य नव्हतं. स्त्रातोस दुसऱ्या टेबलाकडे वळून दोन्ही हातांत ताटं घेतोय एवढं पाहून तो उठला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. मागून एवान्थियाने त्याचं नाव घेतलं, एकदाच, पण तो थांबला नाही. देस्पिनाकडून काढून घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. तिला खोटं बोलता येत नाही, तिची मान लाल होते. आत वाफ होती, आणि देस्पिना पाठमोरी उभी राहून वाडग्यात रश्शात घालायचं लिंबू-अंडं फेसत होती. तिने वळून पाहिलं आणि फेसणं थांबवलं. लिंबू-अंडं असं मधेच सोडलं की नासतं, हे अरगिरिसलाही ठाऊक होतं. तरी प्रश्न विचारायचा धीर होईना म्हणून तो सवयीने झाकणं उचलायला लागला. पहिल्यात मोठे पांढरे घेवडे होते. दुसऱ्यात ससा. तिसऱ्यात तांदूळ घातलेले खिम्याचे गोळे, लिंबू-अंड्याची वाट पाहत. वाफ तोंडावर येत होती आणि क्षणभर सगळं नेहमीसारखं वाटलं. मग त्याची नजर खिडकीजवळच्या फळीवर गेली. तिथे तावेर्नाच्या काळ्या पडलेल्या भांड्यांच्या शेजारी एक लहानसं निळं पातेलं होतं, झाकणासकट, घासून पुसून लख्ख ठेवलेलं.

त्याने ते लगेच ओळखलं. पातेल्याचा एक कान जाड ओबडधोबड सांध्याने जोडलेला होता आणि सांध्याभोवतीचा निळा मुलामा जळून तपकिरी झाला होता. तो सांधा त्याचाच होता. कान तुटला तेव्हा तो पातेलं गोदीत घेऊन गेला होता, आणि जहाजाला लावायचा टाका त्याने पातेल्याला लावला म्हणून एवान्थियाने त्याला आठवडाभर सुनावलं होतं. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं होतं, आपलं निळं पातेलं कुठे गेलं, तर ती म्हणाली, शेजारणीला दिलंय.

"हे इथे कसं?" त्याने विचारलं.

देस्पिनाची मान लाल झाली. ती म्हणाली, स्त्रातोस कुठे आहे. मग म्हणाली, तू आत येऊ नयेस म्हणून किती सांगितलं होतं त्याला, एवढं एक काम त्याला जमत नाही. मग वाडगा खाली ठेवून ती स्टुलावर बसली.

"तिने ठेवलंय," ती म्हणाली. "रोज यात तुझं भरायचं. तू दुपारी येऊन न्यायचंस, नाही आलास तर स्त्रातोसने पोचवायचं. भांडं घरचं असलं म्हणजे जेवण परकं वाटणार नाही त्याला, असं म्हणाली."

अरगिरिसला बोध होईना. रोज, ती म्हणाली. पातेलं त्याच्या हातात होतं आणि तो त्याच्या तळाकडे बघत होता. मरणाऱ्या माणसासाठी रोजचं जेवण कशाला सांगून ठेवतात? आणि सांगितलं तर दोघांचं का नाही? हे तर एका माणसाचं पातेलं. दोघांचं मोठं आहे, लाल, ते घरीच होतं, सकाळीच त्याने पाहिलं होतं. एका माणसाचं. काळा कोट, लोकांत उभं राहायला. पोपीचं, बाबा, तू नीट जेवतोस ना. सकाळी उशिरा खाल्लंय. बंद दार, आणि आत एवान्थिया, इतका वेळ. हे सगळं त्याने नीट ओळीने लावलं होतं, फक्त माणूस चुकला होता.

आणि त्याच वेळी, तो काही कळून घेण्याआधी, त्याच्या छातीतून काहीतरी सुटलं. महिनाभर गळ्याशी घट्ट बसलेला हात निघाला, हवा थेट खालपर्यंत गेली, पोटापर्यंत, आणि त्याच्या अंगाला कळलं की आपण मरत नाही आहोत. डॉक्टर खरं बोलला होता. छाती ठीक होती. तो आनंद होता. त्याला दुसरं नाव नव्हतं. पापणी लवावी इतकाच वेळ तो टिकला असेल, पण तो झाला, हे अरगिरिसला स्वतःपासून लपवता आलं नाही, आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने पातेलं ओट्यावर ठेवून दोन्ही हात त्यापासून दूर धरले.

देस्पिना बोलत होती. आता तिला थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. डॉक्टर तिला काही सांगायला तयारच नव्हता, म्हणाला की नवऱ्याला पाठवा. तुला पाठवायचं नव्हतं तिला. मग ती दुसऱ्यांदा एकटी गेली तेव्हा तिथे नवाच डॉक्टर होता, त्याला म्हणाली, मी एवान्थियाची बहीण, तिची तपासणी झालीय, तिला यातलं काही कळता कामा नये, मला सांगा. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तिला उन्हाळा बघायला मिळेल म्हणाला, पण पुरता नाही. आणि जाताना वर तिलाच शाबासकी दिली, तुमच्यासारखी बहीण असावी म्हणून. "हे सांगताना हसत होती रे ती, इथेच बसून," देस्पिना म्हणाली. "आम्हाला शपथ घातलीय. ईस्टर होईपर्यंत त्याला सुखाने जेवू दे, म्हणाली. आम्ही आपले तुला बघून... आमच्याने नाही होत नाटक."

उन्हाळा. थोड्या वेळापूर्वी टेबलाखाली अंगठा दाबून त्याने तोच मागितला होता. आता भीती परत आली, पण ती मघासारखी नव्हती. मघाची भीती त्याची एकट्याची होती, तिला शेवट होता; त्याच्याबरोबरच ती संपली असती. ही संपणारी नव्हती. हिच्यात सकाळी रिकामं असलेलं स्वयंपाकघर होतं, कपाटातला कोट होता, दुपारी पायऱ्या उतरून हे निळं पातेलं न्यायला येणारा म्हातारा होता. तो बाहेर आला. स्त्रातोस मधेच उभा होता, हातांत रिकामी ताटं घेऊन, आणि गुपित फुटलंय हे त्याला कळल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अरगिरिस त्याला वळसा घालून गेला. काय करायचं ते त्याला शिकवायची गरज नव्हती. आजाऱ्यासमोर हसायचं, गोड बोलायचं, काही माहीत नसल्यासारखं करायचं. हे त्याने एकदा केलं होतं, पुन्हा करता आलं असतं. त्याला वडिलांचं ताट आठवलं, कडेने लावलेले तुकडे, आणि तो खुर्चीत बसला.

एवान्थिया त्याच्याकडे बघत होती. तिच्या गालांची हाडं वर आली होती. ही हाडं कधी वर आली? दर रविवारी तो तिच्यासमोर बसत होता आणि स्वतःच्या रुमालाकडे न बघण्यात इतका गुंतला होता की त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. तिने भाजीवर पिळलेलं लिंबू बाजूला ठेवलं, आणि दर रविवारी विचारायची तसंच, त्याच आवाजात विचारलं, "काय काय पाहिलंस?"

त्याने तोंड उघडलं. रंगवून सांगायचं होतं. "घेवडे आहेत," तो म्हणाला. "ससा. खिम्याचे गोळे, त्यांचं लिंबू-अंडं बहुतेक नासलं." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि आपलं निळं पातेलं."

टीव्हीवर मध्यंतराची शिट्टी झाली. लोक सिगरेटी पेटवत होते, खुर्च्या सरकवत होते. एवान्थिया रडली नाही. तिने फक्त एकदा डोळे मिटले, बराच वेळ धरून ठेवलेलं ओझं कोणीतरी दुसऱ्या टोकाला उचललं म्हणजे माणूस मिटतो तसे, आणि उघडले.

"त्याचं झाकण नीट बसत नाही," ती म्हणाली. "तुझ्या त्या टाक्यामुळे. डावीकडे जरा फिरवलं की बसतं. नाहीतर वाटेत सांडेल." तिने पालथ्या पेल्यावर हात ठेवून फिरवून दाखवलं. "आणि देस्पिना हल्ली मीठ जास्त घालते. गप्प खाऊ नकोस. भांडायचं तिच्याशी."

तो मान हलवत राहिला. मग त्याला वाटलं की आत्ता, या क्षणी, आपण हिच्याशी भांडलं पाहिजे. मोठ्याने, चारचौघांत, पातेलं न विचारता दिल्याबद्दल, आपल्याला बाकावर बसवून आत गेल्याबद्दल, स्वतःची बहीण झाल्याबद्दल. इतकी वर्षं भांडत आलो तसं, म्हणजे तिला कळेल की ती अजून इथेच आहे. त्याने शब्द शोधले. एकही सापडेना. समोर फक्त तिचा तो हात होता, पेल्यावर ठेवलेला, ज्याच्या शिरा त्याने आज पहिल्यांदा मोजाव्यात इतक्या स्पष्ट पाहिल्या. काय करावं ते न सुचून त्याने टोपली तिच्याकडे सरकवली आणि पावाची मऊ बाजू तिच्याकडे येईल अशी फिरवली.

एवान्थियाने पावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आता तूही?" ती म्हणाली.